मकासाए भाषा आणि मकासाए लोक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिमोर-लेस्ते हा देश ज्यांना नकाशावर दाखवता येतो, त्यांच्यापैकीही बहुतेकांनी 'मकासाए' हे नाव ऐकलेलं नसतं. त्या देशात दर दहा माणसांमागे एकाची ती मातृभाषा आहे. भाषांची आवड असलेल्या मराठी माणसाला तिच्याबद्दल जे प्रश्न पडतात, ते आणि त्यांची उत्तरं इथे आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

मकासाए नेमकी कुठे बोलतात?

तिमोर बेटाच्या पूर्व भागात. बेटाचा पश्चिम भाग इंडोनेशियाचा, पूर्व भाग तिमोर-लेस्तेचा. राजधानी दिलीहून किनाऱ्याने पूर्वेकडे सुमारे १२० किलोमीटर गेलं की बावकाव लागतं, देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. बावकाव, लागा, केलिकाई, बागिया, वेनिलाले हा सगळा पट्टा, आणि डोंगर ओलांडून दक्षिणेला विकेके जिल्ह्यातले ओसू, वाटुलारी, वाटुकार्बाव या भागांतली अनेक गावं मकासाए बोलतात. मधोमध उभा आहे मातेबियन, सुमारे २,३१५ मीटर उंचीचा चुनखडीचा डोंगर. मकासाए प्रदेश म्हणजे मातेबियनच्या चारी बाजूंचा मुलूख, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

बोलणारे किती?

२०१० च्या जनगणनेत सुमारे १ लाख २ हजार लोकांनी मकासाए ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. देशात सर्वत्र चालणारी तेतुम आणि मांबाई या भाषांनंतर तिसरा क्रमांक. आकडा आपल्याला किरकोळ वाटेल, एखाद्या तालुक्याएवढा. पण २०२२ च्या जनगणनेत त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या आसपास भरली. त्या मापाने पाहिलं तर ही मोठी भाषा आहे.

मकासाए म्हणजे इंडोनेशियातल्या मकास्सारची भाषा का?

नाही. गोंधळ नेहमीचा आहे आणि स्वाभाविकही आहे. मकास्सार हे सुलावेसी बेटावरचं बंदर. तिथली मकास्सारी भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळातली, म्हणजे मलय, जावानीज, तागालोग यांची बहीण. मकासाए त्या कुळातली नाहीच. नावांच्या साम्यावरून 'आमचे पूर्वज मकास्सारहून आले' अशा कथा सांगितल्या जातात, पण शब्दसंग्रह आणि व्याकरण वेगळ्याच दिशेला बोट दाखवतात.

मग ती कोणत्या कुळातली?

तिमोर-आलोर-पांतार नावाच्या कुळातली. या भाषांना ढोबळमानाने 'पापुअन' म्हणतात. मात्र 'पापुअन' हे द्राविडीसारखं एका कुळाचं नाव नव्हे. न्यू गिनी आणि आसपासच्या ज्या भाषा ऑस्ट्रोनेशियन नाहीत, त्या सगळ्यांना एका गाठोड्यात बांधण्यासाठी वापरलेला तो शब्द आहे. तिमोर-लेस्तेतल्या बहुतेक भाषा ऑस्ट्रोनेशियन आहेत. पापुअन चारच: पश्चिमेला सीमेवर बुनाक, आणि पूर्वेला मकासाए, मकालेरो, फातालुकू. यांतली मकालेरो, इलिओमार भागातली, मकासाएच्या इतकी जवळची आहे की तिला मकासाएची बोली समजायची पद्धत होती. समुद्रापलीकडे किसार बेटावर ओइराता नावाची भाषा आहे, तीही याच घरातली.

या भाषा बेटावर ऑस्ट्रोनेशियन भाषांच्या आधीपासून होत्या की नंतर आल्या, यावर अभ्यासकांत एकमत नाही. 'पापुअन म्हणजे मूळचे, ऑस्ट्रोनेशियन म्हणजे उपरे' हे समीकरण ऐकायला सोपं आहे, म्हणूनच त्यापासून जरा सावध राहिलेलं बरं.

मराठी माणसाला या भाषेत ओळखीचं काही सापडेल का?

सापडेल, आणि ते हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्याला चटकन सापडणार नाही. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद.

'आम्ही निघतो' म्हटलं की ऐकणारा मागे राहतो. 'आपण निघूया' म्हटलं की तोही उठतो. इंग्रजीचं 'वी' आणि हिंदीचं 'हम' इथे आंधळे आहेत. मकासाएत मात्र ऐकणाऱ्याला धरून 'फि' आणि त्याला वगळून 'इनि', असे दोन वेगळे शब्द आहेत. म्हणजे फि = आपण, इनि = आम्ही. बाकीची सर्वनामं अशी: अनि म्हणजे मी, आइ म्हणजे तू, गि म्हणजे तो-ती-ते, इ म्हणजे तुम्ही, एरा म्हणजे ते सगळे. तो-ती-ते सगळे एकाच 'गि'त बसतात, कारण नामांना लिंगच नाही. 'तो टेबल की ते टेबल' हा आपला घरगुती वाद तिकडे संभवत नाही.

वाक्याची बांधणीही ओळखीची वाटते. कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. तेतुममध्ये आणि आसपासच्या ऑस्ट्रोनेशियन भाषांत क्रियापद मध्येच येऊन बसतं. मकासाएत ते आपल्यासारखं शेवटपर्यंत थांबतं. प्रत्यय मात्र फार कमी. मराठीसारखी विभक्तीची रांग नाही, आणि मराठीत प्रत्यय करतात त्यातलं बरंचसं काम तिथे लहान लहान क्रियापदं एकामागून एक ठेवून साधलं जातं.

आकडे कसे म्हणतात?

उ, लोलाए, लोलितू, लोलोहा, लिमा, दाहो, फितू, आफो, सीवा, रुरुउ. एक ते दहा.

'दाहो' म्हणजे दहा नव्हे, सहा. बाजारात मराठी माणूस इथेच फसेल.

या यादीत एक गंमत दडलेली आहे. लिमा, फितू आणि सीवा, म्हणजे पाच, सात, नऊ, हे शब्द घरचे नाहीत, ऑस्ट्रोनेशियन शेजाऱ्यांकडून उचललेले आहेत. मलयमध्ये पाच म्हणजे लिमा. जावानीजमध्ये सात म्हणजे पितू. न्यूझीलंडच्या माओरीतही सात जवळपास 'फितु' असाच ऐकू येतो. एवढ्या लांबवर पसरलेले हे शब्द मकासाएच्या मोजणीत मधेमधे बसले, आणि एक ते चार घरचेच राहिले. देवाणघेवाण करणाऱ्या शेजाऱ्यांत असं होतच असतं. आपण 'हजार' फारसीतून घेतला, तो आज कोणाला परका वाटतो?

उच्चार अवघड आहे का?

फारसा नाही. एकच गोष्ट शिकून घ्यावी लागते, ती म्हणजे कंठातला अटकाव. एखाद्या गोष्टीला मान हलवत नकार देताना आपण तोंड न उघडता 'अं-अं' असा तुटक आवाज काढतो. त्या दोन 'अं'मध्ये घसा क्षणभर बंद होतो ना, तोच हा वर्ण. मराठीत त्याला अक्षर नाही. मकासाए रोमन लिपीत लिहितात आणि तिथे हा अटकाव वरच्या स्वल्पविरामाने दाखवतात. वर 'लोलाए' लिहिलं आहे, त्यात 'ला' आणि 'ए'च्या मध्ये तो आहे. 'मुआ' म्हणजे जमीन, त्यातही आहे.

'फिराकू' कोणाला म्हणतात? हा अपशब्द आहे का?

तिमोर-लेस्तेत पूर्वेकडच्या लोकांना 'फिराकू' आणि पश्चिमेकडच्यांना 'कालादी' म्हणायची जुनी रीत आहे. आपल्याकडे घाटी आणि कोकणी म्हणतात तशातला प्रकार. बोलणारा कोण आणि सूर काय, यावर ती थट्टा आहे की शिवी हे ठरतं. फिराकू म्हणजे भडक डोक्याचे, मोठ्याने बोलणारे, व्यापारात पुढे. कालादी म्हणजे गप्प, संथ. सगळ्याच साच्यांइतकं हे खरं आणि तितकंच खोटं.

शब्दाची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगतात. एक पोर्तुगीजमधून : पाठ फिरवणारे, उर्मट लोक. त्याच चालीवर 'कालादी' हा पोर्तुगीज 'कालादु', म्हणजे गप्प, यावरून आला असं म्हणतात. दुसरी व्युत्पत्ती मकासाएमधली. 'फि' म्हणजे आपण हे वर आलंच. 'राकू' म्हणजे सोबती, नातलग. फि राकू : आपले सोयरे, आपली माणसं.

मला ही दुसरी व्युत्पत्ती अधिक पटते, आणि त्यातली कडवट गंमत नजरेआड होत नाही. समोरच्यालाही कवेत घेणारं 'आपण' ज्या शब्दात आहे, तोच शब्द दुसऱ्यांनी 'ते तिकडचे' म्हणायला वापरला.

हे सगळं फक्त थट्टेपुरतंच राहिलं का?

नाही. २००६ साली सैन्यातल्या सुमारे ६०० जणांनी तक्रार केली की पूर्वेकडच्यांना झुकतं माप मिळतं, आपल्याला बढती मिळत नाही. त्यांना नोकरीतून काढण्यात आलं. एप्रिलअखेर दिलीत दंगल उसळली, पोलीस आणि सैन्य एकमेकांवर उलटले, आणि भांडण बराकीतून गल्लीत आलं. पूर्वेकडच्यांची घरं हेरून जाळली गेली. सुमारे दीड लाख माणसं घरदार सोडून छावण्यांत किंवा गावी गेली. दिलीच्या बाजारांत बावकावकडच्या मकासाए व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्यातल्या अनेकांना रातोरात माल टाकून निघावं लागलं.

पूर्व आणि पश्चिम असा भेद त्याआधी इतका टोकदार नव्हता, असं सांगणारे पुष्कळ आहेत. जुना शब्द होता, त्याला धार राजकारणाने लावली.

मातेबियनला एवढं महत्त्व का?

तेतुममध्ये 'माते' म्हणजे मृत आणि 'बियन' म्हणजे आत्मा. पूर्वजांचे आत्मे या डोंगरावर वस्तीला जातात ही समजूत ख्रिस्ती धर्माच्या फार आधीची आहे. शिखरं दोन, एक पुरुष आणि एक स्त्री. उंच शिखरावर आता ख्रिस्ताचा पुतळा आहे, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सर्व मृतात्म्यांच्या दिवसाच्या सुमारास माणसं रात्रभर चढून वर जातात. जुनी श्रद्धा आणि नवा धर्म यांची तिथे भांडणं होत नाहीत, दोघं एकाच पायवाटेने चढतात.

पण आज साठीच्या पुढे असलेल्या माणसाला मातेबियन म्हटलं की आधी १९७८ आठवतं. ७ डिसेंबर १९७५ ला इंडोनेशियाने स्वारी केल्यावर लाखो लोक प्रतिकार करणाऱ्यांबरोबर डोंगरात गेले. पश्चिमेकडचे तळ एकेक करून पडले, तशी माणसं पूर्वेकडे सरकत मातेबियनवर जमली. तिथे हजारोंच्या संख्येने कुटुंबं गुहांत, कपारींत राहिली. विमानांतून बॉम्ब पडत होते, खाली वेढा होता. नोव्हेंबर १९७८ मध्ये हा तळ पडला. खाली उतरलेल्यांना छावण्यांत डांबलं, आणि बॉम्बने मेले नव्हते त्यांच्यातले कितीतरी तिथे उपासमारीने गेले. पुढे सत्यशोधन आयोगाने हिशेब मांडला : १९७४ ते १९९९ या काळात संघर्षामुळे किमान १ लाख २ हजार ८०० मृत्यू, त्यांपैकी बहुसंख्य भुकेने आणि आजाराने.

या लोकांनी त्याआधी कधी बंड केलं होतं का?

केलं होतं, पोर्तुगिजांविरुद्ध, १९५९ मध्ये. वाटुलारी, वाटुकार्बाव आणि बागिया भागात मकासाए आणि त्यांचे शेजारी नाउएती, दोघेही त्यात होते. पोर्तुगिजांनी ते क्रूरपणे चिरडलं आणि कित्येकांना थेट अंगोलात हद्दपार केलं. बंडात कोण कोणत्या बाजूला होता, त्यावरून नंतर भातशेतीच्या जमिनी कोणाच्या हातात गेल्या, आणि तो वाद वाटुलारीत पुढच्या पिढ्यांपर्यंत चालत आला.

लग्नं कशी जुळतात?

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळा समाज या एका गोष्टीभोवती विणलेला आहे.

वंश बापाकडून चालतो आणि प्रत्येक कुळाचं एक 'ओमा फालू' असतं. ओमा म्हणजे घर, फालू म्हणजे पवित्र, शिवाशीव पाळावी असं. लग्न कुळाबाहेर. ज्या कुळातून बायका आणायच्या ते कुळ 'ओमाराहे', आणि ज्यांना आपल्या मुली द्यायच्या ते 'तुफुमाता'. हे नातं एका लग्नापुरतं नसतं, पिढ्यान्‌पिढ्यांचं असतं. महत्त्वाचं असं की मुलगी देणारं घर वरचढ. आपल्याकडे मुलीचा बाप वाकतो, तिथे जावयाचं घराणं वाकतं. तेतुममध्ये याच दोन पक्षांना उमाने आणि फेतोसान म्हणतात आणि सगळ्या देवाणघेवाणीला 'बार्लाके'.

जावयाकडून मुलीच्या घरी जातात म्हशी, घोडे, जुन्या तलवारी. उलट दिशेने येतात डुकरं आणि ताइस, म्हणजे हातमागावर विणलेलं कापड. (ताइसला २०२१ मध्ये युनेस्कोच्या तातडीने जपायच्या वारशांच्या यादीत जागा मिळाली.) ही देणी एका दिवसात फिटत नाहीत आणि फिटावीत अशी अपेक्षाही नसते. मर्तिकात, नवं घर बांधताना, भाच्याच्या लग्नात पुन्हा हिशेब उघडतो. १९७० च्या दशकात केलिकाई भागात राहून शेपर्ड फोरमन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने हा सगळा व्यवहार बारकाईने टिपला. त्याच्या मते इथे वस्तूंची नव्हे, जीवनशक्तीची देवघेव चालते. मुलगी देणारा वंश चालवायची शक्ती देतो, तिची परतफेड म्हशींनी पूर्ण होतच नाही.

याला 'उलटा हुंडा' म्हणायचा मोह होतो. हुंड्यासारखीच यावरही तिकडे टीका होते : कर्ज वाढतं, आणि 'किंमत मोजली आहे' या भावनेतून बाईवर हात उचलला जातो. दोन्ही बाजूंचं म्हणणं तिमोरी बायकांच्याच तोंडून ऐकू येतं.

शेतीतही म्हैस आहे का?

आहे, आणि औताला नाही. भाताच्या खाचरात पाणी सोडून म्हशींचा कळप गोल गोल फिरवायचा, चिखल त्यांच्या खुरांनीच तयार होतो. आता ट्रॅक्टर आले आहेत, पण म्हशी म्हणजे चिखलणी, लग्न आणि मर्तिक हे तिन्ही चालवणारं भांडवल, त्यामुळे ट्रॅक्टर त्यांची जागा पुरती घेऊ शकत नाही.

मुलं शाळेत मकासाए शिकतात का?

नाही. २००२ च्या संविधानात तेतुम आणि पोर्तुगीज या राजभाषा आहेत, आणि बाकीच्या राष्ट्रीय भाषांचा राज्याने मान राखावा व विकास करावा असं कलम १३ सांगतं. प्रत्यक्षात केलिकाईच्या पोराचा दिवस असा : घरी मकासाए, पुस्तक पोर्तुगीजमध्ये, शिक्षक समजावणार तेतुममध्ये, आणि मोठी माणसं इंडोनेशियन राजवटीत शिकलेली म्हणून त्यांना येणार बहासा, म्हणजे इंडोनेशियाची राजभाषा. पहिलीतल्या मुलाला आधी भाषा कळायची की बेरीज?

मातृभाषेतून सुरुवात करायचा एक प्रायोगिक कार्यक्रम २०१२ च्या सुमारास निघाला. त्यासाठी तीन भाषा निवडल्या : फातालुकू, गालोलेन आणि बाइकेनो. मकासाए, तिसऱ्या क्रमांकाची भाषा, त्यात नव्हती. या निवडीमागे कारणं असतील, पण भाषेला संख्येमुळे आपोआप जागा मिळत नाही, एवढं त्यातून दिसतं.

म्हणजे भाषा धोक्यात आहे?

मरणपंथाला लागलेली नाही. घरात, शेतात, बाजारात, मर्तिकाच्या बोलण्यांत ती ठणठणीत आहे. उलट वाइमाआ आणि नाउएती हे लहान शेजारी मकासाए शिकून घेतात, त्यांच्यावर मकासाएचाच दाब आहे. कमतरता आहे ती कागदावर. छापील मजकूर थोडा. चर्चने १९८० च्या दशकात उपासनेसाठी तेतुम स्वीकारली आणि कॅथलिक धर्म पसरला तशी तेतुमही डोंगरात पोचली. व्यवहार आणि रेडिओ तेतुमचे. दिलीत वाढणारी मकासाए मुलं आजीशी मकासाएत आणि आपसात तेतुममध्ये बोलतात. ही घसरण मुंबई-बंगळूरच्या मराठी घरांना नवी नाही.

या समाजातलं कोणी प्रसिद्ध आहे?

ताउर मातान रुआक. तेतुममध्ये अर्थ 'दोन तीक्ष्ण डोळे', हे लढ्यातलं टोपणनाव. मातेबियनच्या कुशीतल्या बागिया भागात जन्म, गनिमी फौजेचे सेनापती, २०१२ ते २०१७ राष्ट्राध्यक्ष आणि २०१८ ते २०२३ पंतप्रधान. त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष लू-ओलो विकेके जिल्ह्यातल्या ओसूचे.

गोव्याशी काही संबंध?

आहे, आणि कागदोपत्री पक्का आहे. १८४४ पर्यंत तिमोर 'एस्तादु दा इंदिया'त मोडत होतं, म्हणजे त्याचा कारभार गोव्याहून चाले. त्या वर्षी मकाव, तिमोर आणि सोलोर वेगळे काढले गेले. आजचा धागा पासपोर्टचा आहे. जुन्या पोर्तुगीज अमलामुळे जसे गोवेकर पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन इंग्लंडमधल्या स्विंडनला गेले, तसेच तिमोरीही त्याच वाटेने उत्तर आयर्लंडमधल्या डंगॅननसारख्या गावांत मांस-कारखान्यांत कामाला गेले.

शिकायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

भाषाअभ्यासकांच्या यादीत तिचा संकेत 'एमकेझेड' आहे, त्यावरून शोधणं सोपं जातं. ज्युलिएट ह्यूबर यांनी २००८ मध्ये तिच्या व्याकरणाची रूपरेषा प्रसिद्ध केली, शब्दांची चव तिथून लागते. त्याआधी नकाशा घ्या. मकासाएत पाणी म्हणजे 'इरा', आग म्हणजे 'आता'. विकेके आणि लाउतेमच्या सीमेजवळून दक्षिण समुद्राकडे जाणाऱ्या नदीचं नाव आहे इराबेरे, त्यातलं 'इरा' ओळखता येईल. मग बावकावकडे या. शहराची तहान भागवणारा आणि खालच्या भातखाचरांना पाणी देणारा झरा आहे वाइलिया. त्याच्या नावात 'इरा' नाही, 'वाइ' आहे, वाइमाआ भाषेतलं पाणी. शहरात आज सगळीकडे मकासाए ऐकू येते, झऱ्याचं नाव मात्र शेजाऱ्याचं आहे.